व्हेलॉसिरॅप्टर : पडद्यावरील चित्रण
क्रिटेशस कल्पाच्या उत्तरार्धातील मांसाहारी डायनोसॉर. पहिला जीवाश्म १९२३ मध्ये मंगोलियातील गोबी वाळवंटात सापडला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जुरासिक पार्क’ने (१९९३) तो घरोघरी पोहोचवला, पण भलत्याच रूपात. पडद्यावरचा माणसाएवढा उंच, खवलेदार प्राणी खरे तर उत्तर अमेरिकेतील डायनोनिकस या डायनोसॉरवर बेतलेला. मूळ व्हेलॉसिरॅप्टर जेमतेम टर्कीएवढा. पडद्यावरच्या प्राण्याचे भुंकणेही उसने. त्यासाठी कासवांच्या मीलनाचे ध्वनिमुद्रण वापरले होते! २००७ मध्ये व्हेलॉसिरॅप्टरच्या एका नमुन्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर, पक्ष्यांच्या हाडावर असतात तसे पिसे रुजण्याचे उंचवटे ओळीने आढळले. तरीही ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये (२०१५) तो उघड्या कातडीचाच राहिला. ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ (२०२२) या मालिकेत मात्र तो पिसांसह दिसतो.