'दाले' : एक आज्ञा, देशागणिक वेगळी

स्पॅनिशमधील 'दार' म्हणजे देणे. त्याचे आज्ञार्थी रूप 'दा'. त्यास 'ले' हे सर्वनाम जोडले की 'दाले' तयार होतो. शब्दशः अर्थ 'त्याला दे' किंवा 'तिला दे'. स्पॅनिश सुमारे २० देशांची राजभाषा आहे आणि या साध्या आज्ञेचा अर्थ देशागणिक पालटतो.

अर्जेंटिना व उरुग्वेत 'उद्या पाचला भेटू या का?' या प्रश्नाचे उत्तर 'दाले' असे येते. येथे कोणी कोणाला काही देत नाही. अर्थ एवढाच की, 'बरे, ठरले'. मराठीतील 'चल' असाच चालण्यापासून दूर गेला आहे. आदरार्थी रूप 'देले' असले तरी होकार देताना वडीलधाऱ्यांपुढेही बऱ्याचदा 'दाले'च म्हटले जाते. सूर लांबवला की तीच विनवणी होते. तेथील मुलांचा लुटुपुटीचा खेळही 'दाले के यो एरा...' असा सुरू होतो : 'समज हं, मी अमुक होतो'. खेळ आत्ताचा, क्रियापद मात्र भूतकाळी!

मेक्सिकोत डोळे बांधून टांगलेली पिन्याता फोडणाऱ्यास सारे 'दाले' म्हणून चेतवतात. तेथे अर्थ 'हाण'. आपणही 'ठोसा देतो', म्हणून मराठी माणसाला हे समजणे जड जाऊ नये. होकारासाठी मेक्सिकन माणूस 'ओराले' किंवा 'साले' म्हणतो (हा 'साले' शिवी नव्हे). स्पेनमध्ये होकार 'बाले'ने दिला जातो. बटण दाबण्यास सांगताना 'दाले' येतो आणि 'इ दाले!' हा 'पुन्हा तेच!' असा वैताग ठरतो. कोलंबियात 'कर की' या अर्थी 'आगाले' हे आदरार्थी रूप मित्रही एकमेकांना वापरतात.

दुभाष्याची खरी कसोटी न्यायालयात लागते. ध्वनिमुद्रित संभाषणातील एकट्या 'दाले'चे भाषांतर 'हाण त्याला' करायचे की 'बरे'? चूक झाल्यास केवळ होकार देणारा मारहाणीस चिथावणी देणारा ठरेल. बोलणारा अर्जेंटिनाचा आहे, एवढ्यावरही भागत नाही, कारण तेथेही 'हाण' हा अर्थ जिवंत आहे. आधीचे वाक्य प्रश्न किंवा सूचना असेल, तर बहुधा तो होकार असतो. पुढे 'फुएर्ते' म्हणजे 'जोरात' जोडले असेल, तर प्रकरण वेगळे.