सायकल कोणती आणि कधी? : एकशे तीस वर्षांचा हिशोब



आमच्या घरी दोन गाड्या. त्यातल्या जुनीनं सोळा वर्षं इमानेइतबारे चालून गेल्या महिन्यात मान टाकली. मेकॅनिकनं दुरुस्तीचा आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीपेक्षा मोठा. बायकोनं सरळ विचारलं, "आता दुसरी गाडी घ्यायची, की पाच वर्षं तू जिच्या नावानं जप करतोयस ती इलेक्ट्रिक सायकल?" मी सवयीनं म्हटलं, "जरा थांबू या, नवीन मॉडेल्स येतायत." त्यावर ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्यांना या बघण्याचा अर्थ सांगायला नको.

सांताक्लारातलं आमचं घर ते ऑफिस हे अंतर नऊ मैल. त्यात बराच भाग ओढ्याकाठच्या सायकलरस्त्याचा. जाऊन-येऊन अठरा मैल. वय बावन्न, साखर सीमारेषेवर, गुडघे कुरकुरणारे. म्हणजे साधी सायकल जमणार नाही आणि गाडी तब्येतीला परवडणार नाही. इलेक्ट्रिक सायकल जणू माझ्यासारख्यांसाठीच काढलीय! मग पाच वर्षं घेतली का नाही? याचं उत्तर शोधता शोधता मी या वाहनाच्या इतिहासात शिरलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

सुरुवात थेट १८९५ पासून. ३१ डिसेंबर १८९५ रोजी ओहायोतल्या कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन (ज्युनियर) या माणसाला इलेक्ट्रिक सायकलचं पेटंट मिळालं. चित्र बघाल तर चकित व्हाल. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आणि बॅटरी चौकटीच्या पोटात. आजही बाजारातल्या कितीतरी सायकलींची रचना हीच! बॅटरी १० व्होल्टची, मोटर १०० ॲम्पियरपर्यंत वीज खेचणारी. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, बॉस्टनच्या होझिया लिबी यांनी मोटर पॅडलच्या दांड्यापाशी बसवली. आज दुकानदार ज्याला मोठ्या कौतुकानं 'मिड-ड्राइव्ह' म्हणतात, त्याचा हा पणजोबा.

मग घोडं अडलं कुठे? मोटरपाशी नाही, बॅटरीपाशी. शिशाच्या बॅटरीत किलोमागे जेमतेम तीस-पस्तीस वॉट-तास वीज मावते. माझ्यासारख्याच्या अठरा मैलांना साधारण साडेतीनशे वॉट-तास लागतात, म्हणजे दहा किलोच्या वर नुसतं शिसं. बरं, ती बॅटरी रोज तळापर्यंत उपसली की दोन-तीनशे वेळांत राम म्हणते. त्यामुळे १९३० च्या दशकात हॉलंडमध्ये फिलिप्सनं सायकल कंपन्यांच्या जोडीनं विजेची सायकल काढली तरी ती रुजली नाही. बाजी मारली ती पेट्रोलनं. फ्रान्समध्ये १९४६ पासून सोलेक्स, इटलीत १९६७ मध्ये पियाज्जोची चाव, आणि त्याच चावच्या धर्तीवर १९७२ मध्ये आपल्या पुण्यात कायनेटिकची लूना!

लूनाचं नाव निघालं म्हणून थोडं विषयांतर. (विषयांतर वाटेल, पण नाही.)

माझ्या वडिलांनी १९७४ साली स्कूटरसाठी नंबर लावला होता. कुठली स्कूटर ते सोडा. त्या परवाना-कोटा राजमध्ये कुठल्याही चांगल्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. ज्याच्या घरी परदेशातून डॉलर येत त्याचा नंबर लवकर लागे, बाकीच्यांनी वाट बघायची. बाबा चार वर्षं थांबले. रोज पर्वतीच्या पायथ्यापासून खडकीपर्यंत सायकल हाणत होते. शेवटी १९७८ मध्ये एक दिवस ऑफिसातून येताना लूना घेऊन आले. आईनं विचारलं, "आणि स्कूटर?" बाबा म्हणाले, "स्कूटर आली की बघू. पाय आज दुखतायत." स्कूटरचा नंबर १९८१ मध्ये लागला, तेव्हा त्यांनी तो चुलतभावाला देऊन टाकला. लूनेवर त्यांनी पुढे अकरा वर्षं काढली. पेट्रोल संपलं की पॅडल मारत घरी. मी मागे कॅरियरवर, दप्तर मांडीवर. आज मागे वळून बघताना वाटतं, माणसाचे पाय अधिक छोटी मोटर ही जोडगोळी मी तेव्हाच बघितली होती, फक्त ती धूर सोडत होती.

असो. पुन्हा विजेकडे.

इलेक्ट्रिक सायकलचं नशीब पालटायला तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या, आणि मजा म्हणजे तिन्ही एका वेळी आल्या नाहीत.

पहिली, बॅटरी. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. त्यामागच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण सुरुवातीला ती कॅमेऱ्यात आणि फोनमध्येच परवडत होती. सायकलीपर्यंत पोचायला तिला दहा-बारा वर्षं लागली. आज पाचशे वॉट-तासांची बॅटरी तीन किलोच्या आसपास बसते.

दुसरी, मेंदू. १९९३ मध्ये जपानात यामाहानं 'पास' नावाची सायकल काढली. तिची बॅटरी शिशाचीच होती, पण पॅडलवर माणूस किती जोर देतोय ते मोजून मोटर त्या प्रमाणात हात देई. तुम्ही थांबलात की ती थांबणार. ही खरी क्रांती. कारण त्यामुळे वाहन सायकलच राहिलं, मोपेड झालं नाही. परवाना, नंबरप्लेट, विमा वगैरे भानगडी टळल्या.

तिसरी, कायदा. चीननं १९९९ मध्ये मानक ठरवलं: वेग ताशी २० किलोमीटर, वजन ४० किलोपर्यंत. युरोपनं २००२ मध्ये २५० वॉट आणि २५ किलोमीटरची रेघ आखली. अमेरिकेत त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय कायदा आला: ७५० वॉट, ताशी २० मैल, म्हणजे ती ग्राहकोपयोगी वस्तू, मोटारवाहन नव्हे. आणि आमच्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून तीन वर्ग झाले: पॅडलला मदत करणारी २० मैलांची, थ्रॉटलवाली २० मैलांची, आणि पॅडलला मदत करणारी २८ मैलांची.

आता बघा, या तीन गोष्टी जुळण्याआधी ज्यांनी उडी मारली त्यांचं काय झालं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातच झॅप नावाची कंपनी निघाली, ती साध्या सायकलला मोटर जोडून देई. ली आयकोका तर सगळ्यांना माहीत. फोर्ड मस्टँगवाले, बुडती क्रायस्लर वाचवणारे. त्यांनी १९९७ मध्ये ईव्ही ग्लोबल ही कंपनी काढून हजारेक डॉलरची इलेक्ट्रिक सायकल विकायला घेतली. एवढा मोठा विक्रेता, पण बॅटरी शिशाची, आणि गिऱ्हाईक तयार नाही. काही वर्षांतच गाशा गुंडाळावा लागला.

त्या काळातल्या बळींमध्ये अस्मादिकही आहेत! नवीन नवीन एचवनवर आलेलो, २००१ साल, डॉटकॉमचा फुगा फुटलेला, गाडी परवडत नव्हती. एका कंपनीची (नाव कशाला घ्या, ती आता नाहीही) सायकल घेतली. वजन एवढं की जिन्यावरून वर नेताना रूममेटला हाक मारावी लागे. एका हिवाळ्यात बॅटरी गेली, नवी मागवेपर्यंत कंपनीचा फोन बंद. तिचा सांगाडा दोन वर्षं बाल्कनीत कपडे वाळत घालायला कामी आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं.

पण इथे एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. त्याच काळात, त्याच शिशाच्या बॅटरीवर, चीनमध्ये ही सायकल तुफान चालली. २००० नंतरच्या दशकातच तिथली विक्री वर्षाला दोन कोटींच्या वर गेली. कारणं दोन. अनेक शहरांनी पेट्रोलच्या मोटरसायकलींवर बंधनं घातली, हे एक. दुसरं, बॅटरी मेली तर कोपऱ्यावरच्या दुकानात जुनी देऊन नवी मिळत होती. म्हणजे माझी सायकल नुसत्या वाईट बॅटरीमुळे मेली नाही, ती दुरुस्त करणारा कोणी नव्हता म्हणून मेली. हे बाबांच्या लूनेलाही लागू. तिचा प्लग साफ करणारा गल्लोगल्ली होता.

आता माझ्या अलीकडच्या पाच वर्षांचा पाढा वाचतो. हसू नका.

२०२१ मध्ये घ्यायची ठरवली. तेव्हाच संसदेत विधेयक आलं: इलेक्ट्रिक सायकलवर ३० टक्के करसवलत, १५०० डॉलरपर्यंत. म्हटलं थांबू. ते सवलतीचं कलम कापत कापत प्रतिनिधीगृहातून पुढे सरकलं, पण ऑगस्ट २०२२ मध्ये जो कायदा प्रत्यक्षात आला त्यात गाड्यांना सवलत होती, सायकलींना नाही. दरम्यान आमचं ऑफिस पुन्हा उघडलं आणि मी गाडीनं जायला लागलो.

२०२३ मध्ये एका डच सायकलच्या प्रेमात पडलो. देखणी, सगळं फोनवरून चालणारी. जुलैमध्ये व्हॅनमूफ दिवाळखोरीत गेली. मालकांना भीती, सर्व्हर बंद पडला तर सायकलचं कुलूप तरी उघडेल का? शेवटी बेल्जियमच्या काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीनं एक ॲप काढून त्या लोकांना आपापली डिजिटल किल्ली जपून ठेवायची सोय करून दिली. पुढे व्हॅनमूफला नवा मालक मिळाला, पण मी तोवर घाबरून मागे फिरलो होतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये लिथियम बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या, १८ माणसं गेली. बायको म्हणाली, "गॅरेजच्या वर आपला मुलगा झोपतो." विषय संपला.

२०२४ मध्ये राज्याच्या अनुदानाची वाट बघितली. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्येच त्यासाठी एक कोटी डॉलर ठेवले होते. योजना प्रत्यक्ष उघडली १८ डिसेंबर २०२४ ला. पहिल्या फेरीत पंधराशे व्हाउचर आणि रांगेत एक लाखाच्या वर लोक! तासाभराच्या आत सगळं संपलं. वर उत्पन्नाची अट अशी की मी त्यात बसतच नव्हतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. तीन वर्षं ज्या जेवणाची वाट बघितली, त्याचं आमंत्रणच मला नव्हतं.

परवा रात्री कागद घेऊन बसलो. ऑफिस उघडल्यापासून चार वर्षं, आठवड्याला तीन दिवस, दिवसाला अठरा मैल, वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे. दहा हजार मैलांच्या वर. जास्तीत जास्त पंधराशे डॉलर वाचवायला बसलो होतो. ते वाचले नाहीतच, आणि दहा हजार मैल गेले. त्यातला प्रत्येक मैल मी गाडीत बसून, रेडिओ ऐकत, साखर वाढवत काढला. २००१ मध्ये मी फार लवकर घेतली. पण २०२२ नंतरचं थांबणं हा शहाणपणा नव्हता, ते नुसतं भय होतं, ज्याला मी अभ्यास म्हणत होतो.

मग इतिहासातून काढलेला माझा नियम असा. 'पुढच्या वर्षी यापेक्षा चांगली येईल' हे १८९५ पासून दर वर्षी खरं आहे, म्हणून ते थांबायचं कारण होऊ शकत नाही. थांबायचं फक्त तेव्हा, जेव्हा आपल्या कामाला लागणारी एखादी मूलभूत गोष्ट अजून तयारच झालेली नसते. २००१ मध्ये ती नव्हती. आज बॅटरी आहे, मेंदू आहे, कायदा आहे. चौथी गोष्ट उरली होती ती सुरक्षिततेची. यूएलचं २८४९ हे मानक २०२० मध्ये आलं, न्यूयॉर्क शहरानं सप्टेंबर २०२३ पासून ते सक्तीचं केलं आणि कॅलिफोर्नियातही १ जानेवारी २०२६ पासून प्रमाणित बॅटरीशिवाय सायकल विकता येत नाही. म्हणजे माझ्यापुरती शेवटची सबबही या जानेवारीत संपली.

आणि 'कोणती' याचं उत्तर चीननं आणि व्हॅनमूफनं दिलंय: जी कंपनी बुडाली तरी चालत राहील ती. माझी यादी छोटी आहे. पॅडलवरचा जोर मोजणारी मोटर, पाचशे वॉट-तासांची प्रमाणित बॅटरी, सगळीकडे मिळणारे ब्रेक आणि चेन, फोनशिवाय चालू होणारी, कॅरियर-दिवे-मडगार्ड आधीच बसवलेली. आणि सर्वात महत्त्वाचं, घरापासून दोन मैलांच्या आत जो दुकानदार ती दुरुस्त करतो, त्याच्याचकडून घ्यायची. ऑनलाइन चारशे डॉलर स्वस्त असली तरी.

रविवारी पुण्याला फोन केला. बाबा आता शहाऐंशीचे आहेत. कायनेटिकनं २०२४ मध्ये विजेवरची लूना काढली हे त्यांना माझ्या आधी माहीत होतं. मी त्यांना सगळा इतिहास ऐकवला, बोल्टनपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय दुखतायत का?"

"हो," म्हटलं.

"मग घे की."

काल दुकानात पैसे भरले. शनिवारी सायकल मिळेल. चूभूद्याघ्या.

आपला,
(शनिवारची वाट बघणारा, आणि वाट बघण्याची ही शेवटचीच खेप असं बायकोला कबूल केलेला)