चाकणच्या पोलोचं अमेरिकन आजोळ

फोक्सवागेनचा चाकणचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून पोलो बाहेर पडू लागली आणि २०२२ पर्यंत बनत राहिली. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही चौकात उभे राहा, दोन-चार तरी दिसतीलच. लोक तिला अस्सल जर्मन मानतात. माझ्या मते तिचं आजोळ डेट्रॉइटला आहे.

अमेरिकेत लहान गाडीचा प्रयोग नॅशने १९५० मध्येच रॅम्बलर काढून केला होता. मोठ्या कंपन्यांना जाग आली ती फोक्सवागेनची जर्मन बीटल धडाधड खपू लागल्यावर. १९५९ च्या शरदात फोर्डची फाल्कन, क्रायस्लरची व्हॅलियंट आणि शेवरोलेची कॉर्व्हेअर एकदमच बाजारात आल्या. पहिल्या दोघी सरळमार्गी. कॉर्व्हेअरचं इंजिन मात्र बीटलसारखं मागे, हवेवर थंड होणारं. पुढे रेडिएटर नाही, म्हणून जाळीही नाही. त्या वर्षीच्या कॅडिलॅकला शेपटाशी उंच पंख होते. इथे खिडक्यांखालून गाडीला चहूबाजूंनी वेढणारी एकच धारदार रेघ.

१९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीने प्रिन्झ ४ आणली. तीच रेघ, तसंच सपाट छत, फक्त सगळं ३.४४ मीटरमध्ये बसवलेलं. दोन्ही गाड्यांची छायाचित्रं शेजारी ठेवली की नातं सांगावं लागत नाही.

यावर आक्षेप असा, की ती रेघ तेव्हा सगळीकडेच होती. १९६१ ची बीएमडब्ल्यू १५००, त्याच वर्षीची फियाट १३००, पुढे १९६३ ची हिलमन इम्प. शिवाय प्रिन्झचं इंजिन आधीपासूनच मागे होतं, ते उसनं घेतलेलं नाही. दोन्ही गोष्टी मान्य. पण बीएमडब्ल्यूला नाक होतं, जाळी होती. तिच्यासाठी रेघ हा दागिना. प्रिन्झला नाकच नव्हतं. तिला चेहरा द्यायचा तर रेघेनेच द्यावा लागणार होता, आणि बिननाकाच्या गाडीला चेहरा कसा द्यायचा हे कॉर्व्हेअरने नुकतंच दाखवून दिलं होतं. दोन वर्षांचं अंतर उसनवारीला पुरेसं आहे.

प्रिन्झ ४ रेखाटली क्लाउस लुटे यांनी. १९६९ मध्ये फोक्सवागेनने एनएसयू ताब्यात घेऊन ऑडीला जोडली. त्याच वर्षी तिकडे कॉर्व्हेअरचं उत्पादन थांबलं. गाड्यांच्या सुरक्षिततेवरच्या राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने तिची आधीच पुरती बदनामी केली होती. लुटे ऑडीत आले. १९७४ ची ऑडी ५० त्यांच्या नावावर आहे, आणि तीच गाडी साज उतरवून १९७५ मध्ये पोलो झाली. काही जण या पोलोचं श्रेय इटलीच्या बर्टोनेला देतात. पोलोच्या बारकाव्यांवर बर्टोनेचा हात फिरला असेलही, पण मूळ गाडी ऑडीची आणि ऑडीत लुटे होते. इंजिन पुढे आल्यामुळे ती रेघ लागेनाशी झाली. कमीत कमी पत्र्यात गाडी नेटकी करायची कला मात्र त्याच हातातून आली. बीटलला उत्तर म्हणून निघालेली गाडी अशी वळसा घेऊन बीटलच्याच घरी पोचली.

२००६ पासून आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला करात सवलत मिळू लागली आणि ‘कॉम्पॅक्ट’चं मापच ठरून गेलं. चाकणची पोलो ३.९७ मीटरची. कॉर्व्हेअर, जिला अमेरिका कॉम्पॅक्ट म्हणत होती, ४.५७ मीटरची. आज चाकणमध्येच बनणारी फोक्सवागेनची व्हर्टस ४.५६ मीटर आहे, आणि तिला आपण ऐसपैस सेडान म्हणतो.