शेलकडून सीकडे : 'गिट बायसेक्ट'च्या रूपांतराचे परीक्षण

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभ केलेल्या 'गिट' प्रणालीचा गाभा सी भाषेत होता. मात्र तिच्या अनेक आज्ञा शेल स्क्रिप्टच्या रूपात होत्या. शेलमध्ये लेखन त्वरेने होते, पण लहानसहान कामासाठीही स्वतंत्र प्रक्रिया सुरू करावी लागते. विंडोजवर ही बाब विशेष खर्चिक ठरते.

दोष नेमका कोणत्या बदलाने शिरला, हे निम्म्यानिम्म्याने शोधणारी 'बायसेक्ट' ही अशीच एक आज्ञा. २०१६ च्या 'गूगल समर ऑफ कोड'मध्ये तिचे रूपांतर हाती घेतले गेले. एकेक फंक्शन सीमधील साहाय्यक आज्ञावलीत न्यायचे आणि उरलेल्या स्क्रिप्टने तिला हाक मारायची, अशी पद्धत होती. त्यामुळे परीक्षकासमोर एका वेळी थोडीच संहिता येई.

तरीही परीक्षण सोपे नव्हते, कारण जुनी स्क्रिप्ट हीच अलिखित नियमावली होती. 'बायसेक्ट रन'मध्ये चाचणीचा निर्गम-अंक ० म्हणजे निर्दोष, १२५ म्हणजे 'वगळा', १ ते १२७ मधील अन्य अंक म्हणजे सदोष. अशा संकेतांतील एकही ढळून चालणार नव्हता. त्याहून सूक्ष्म प्रश्न मृत्यूचा होता! साहाय्यक प्रक्रिया मध्येच संपली तरी तिला हाक मारणारी स्क्रिप्ट जिवंत राही व आवराआवर करी. सर्व काही एकाच प्रक्रियेत आल्यावर तोच 'एक्झिट' संपूर्ण आज्ञा थांबवू लागला असता. म्हणून २०२० मध्ये तेथे त्रुटी-अंक परत करण्याची रीत आणली गेली. शेलमधील जुन्या चाचण्या कायम होत्या, हा मोठाच आधार; परंतु ज्याची कल्पनाच केली नाही, ते चाचणीत कोठून येणार?

मार्च २०२३ मधील २.४० आवृत्तीत स्क्रिप्ट अखेर निवृत्त झाली.