दगडही डोलतो

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, ओव्या आणि यात्रावर्णने आपण आवडीने वाचतो. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु मुलाची भूगोलाची पुस्तके दुपारच्या सवडीत चाळता चाळता दगडाविषयी जे कळले, त्याचा संबंध आपणा सर्वांच्या घराशी आहे असे वाटले, म्हणून हे चार शब्द लिहिते.

एखादा माणूस जागचा हलेना की आपण त्याला दगड म्हणतो. पण दगड स्वतः कधीच स्वस्थ बसलेला नाही. आपल्या नंदुरबार व धुळे भागात एस.टी.ने जाताना शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या टेकड्या दिसतात. जणू कोणी भिंतीच घातल्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील जमीन ताणली जाऊन तिला भेगा पडल्या. त्यांतून तापलेला रस वर आला व थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजला आणि आतली ही भिंत उभी राहिली. शास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील दोनशेहून अधिक डाइक मोजलेले आहेत. त्यांतला सर्वांत लांब 79 किलोमीटर आहे. बहुतेक पूर्वपश्चिम पसरलेले असल्यामुळे जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली होती, हे त्यांवरून ताडता आले.

1912 साली जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे सरकतात असे मांडले, तेव्हा फारच थोड्यांनी त्यांवर विश्वास ठेवला. 1960 च्या दशकात समुद्राच्या तळाचा अभ्यास झाला आणि मग ते सर्वांना पटले. आपला देश आजही वर्षाला सुमारे 4 ते 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे. या रेट्याने खडकावर ताण येतो. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर रीड नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की खडक आधी वेताच्या छडीसारखा वाकतो आणि सोसवेना झाले की तडकून झटक्यात सरकतो. तो झटका म्हणजेच भूकंप.

हा झटका मोजायचा कसा? 1880 च्या दशकात जपानमध्ये जॉन मिल्न यांनी यंत्रे तर केलीच, पण उभे ठोकळे किती हादऱ्याने पडतात याचेही प्रयोग केले. आपल्याकडे 1897 साली आसामात मोठा भूकंप झाला, त्यानंतर कलकत्त्याला अलीपूर येथे व मुंबईस कुलाब्याला मिल्न यांची यंत्रे बसली. पुढे 1960 साली चिलीच्या भूकंपात एक नवल दिसले. उंच खांबावरच्या काही पाण्याच्या टाक्या डोलून जागच्या जागी राहिल्या, आणि भक्कम वाटणारी बांधकामे मात्र मोडली. अमेरिकेतील हाउस्नर यांनी 1963 साली त्याचे गणित मांडले. एकाच घाटाचा लहान डबा व मोठी कोठी असेल, तर सारख्याच हादऱ्यात लहान डबा आधी उलटतो, असा त्याचा अर्थ होय. 1990 च्या दशकात ब्रून यांनी एकमेकींवर तोलून राहिलेल्या मोठ्या शिळा तपासल्या. हजारो वर्षे ती शिळा पडली नाही, म्हणजे तेवढ्या काळात तिथे फार मोठा हादरा बसला नाही, अशी ती साक्षच झाली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. दख्खनचा खडक अचल आहे, येथे मोठा भूकंप होणार नाही, असे पुष्कळ जाणते मानीत असत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेने हा समज मोडला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. धरणात पाणी साठू लागल्यापासून तेथे लहान धक्के बसतच होते. खडकात ताण आधीचाच होता. साठलेल्या पाण्याच्या भाराने व भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबाने तो सुटायला निमित्त मिळाले, असे संशोधक मानतात. हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी तेथे गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. ते काम 2017 साली पुरे झाले.

तरीही समज पुरता गेला नव्हता. किल्लारीचा भाग तर नकाशात सर्वांत कमी धोक्याचा दाखविलेला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन करून लोक झोपले असताना, हजारो जीव दगडामातीच्या भिंतींखाली आणि धाब्याच्या जड छपरांखाली गेले. भूकंपापेक्षा घरानेच अधिक माणसे मारली.

आपणही निर्धास्त राहू नये. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. 1970 साली भडोचला व 1997 साली जबलपूरला धक्के बसले; ही दोन्ही गावे नर्मदेच्याच पट्ट्यातली.

आता डोलण्याची गोड बाजूही सांगते. पाळण्यात किंवा झोळीत घातलेले मूल का निजते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. शास्त्राने ते अलीकडे तपासले. जिनिव्हात 2011 साली मोठ्या माणसांना हळूहळू झुलणाऱ्या पलंगावर निजविले, तेव्हा त्यांना झोप लवकर लागली व ती गाढही झाली. 2019 च्या उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय निकामी असेल तर झुलविण्याचा हा गुण येत नाही. म्हणजे तेच डोलणे, एक मंद म्हणून निजविणारे आणि एक अवचित म्हणून घर पाडणारे.

भूकंप केव्हा होईल हे कोणी सांगू शकत नाही. घर कसे असावे हे मात्र सांगता येते. घर बांधताना पैशाचा विचार पुरुष करतात, पण त्या घरात दिवसाचे अधिक तास आपण आणि मुले असतो. म्हणून गवंड्याला आपणच विचारावे: दगडी भिंतीत आरपार जाणारे जोडदगड घातले का? दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा आहे का? छपरावर मातीचे ओझे तर नाही ना? कपाट व भांड्यांची मांडणी भिंतीला पक्की करावी, आणि मूल निजते त्याच्या डोक्यावर जड डबे ठेवू नयेत. एवढे प्रत्येकीने आपल्या घरी पाहिले, तर मंडळाच्या या वर्षाचे मोठेच काम झाले असे मी समजेन.