वेदनाशामके व मूत्रपिंड

वेदना, ताप आणि सूज कमी करणाऱ्या, स्टेरॉइड नसलेल्या औषधांचा गट. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही त्यांतली नेहमीची नावे. पॅरासिटामॉल यांच्याच जोडीने दिले जात असले, तरी त्याचे कार्य वेगळे आहे. या नोंदीत मूत्रपिंडावरील परिणामांना अधिक जागा दिली आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, काम करणाऱ्या परिचारिकेला रोज लागणारा भाग हाच आहे.

कार्य : शरीरात कुठे इजा झाली की पेशींच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटते आणि सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या मदतीने त्यापासून प्रोस्टाग्लँडिने बनतात. ती वेदनेच्या चेतातंतूंना अधिक संवेदनशील करतात, सूज आणतात, मेंदूतले तापमानाचे नियंत्रण वर सरकवतात. ॲस्पिरिनसारखी औषधे हा विकरच रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. प्रोस्टाग्लँडिनांवरील कामासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि आणखी दोघांना मिळाले. गोळी रक्तातून सर्वत्र जाते. दुखरा गुडघा तेवढा निवडणे तिला जमत नाही. जठराचे अस्तर राखणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिनेही त्याच विकरापासून बनतात, म्हणून गुण आणि अपाय एकाच क्रियेतून येतात. ‘गोळी पोटाला लागते, सुई द्या’ हा आग्रह त्यामुळेच फसवा आहे. डायक्लोफेनॅक कमरेत टोचले तरी ते रक्तातूनच जठराला आणि मूत्रपिंडाला पोचते.

मूत्रपिंडावरील परिणाम : हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि तेथील केशिकागुच्छांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. हे गाळणे गुच्छातल्या दाबावर चालते. आत येणारी रोहिणिका मोकळी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते, बाहेर जाणारी आवळून धरण्याचे काम अँजिओटेन्सिन. भरपूर पाणी प्यायलेल्या निरोगी माणसात प्रोस्टाग्लँडिनाची ही मदत फारशी लागत नाही आणि दोन दिवसांच्या गोळ्या सहज पचतात. घाम गाळून शरीरातले पाणी कमी झाले की मात्र गाळणीचा दाब बऱ्याच अंशी या मदतीवरच टिकतो. नेमकी तेव्हा वेदनाशामक गोळी घेतली तर आत येणारी रोहिणिका आकसते, लघवी कमी होते, रक्तातील क्रिएटिनिन हा टाकाऊ घटक चढतो. रुग्णाला रक्तदाबासाठी अँजिओटेन्सिनला अडवणारी एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनची गोळी चालू असेल, तर बाहेरच्या रोहिणिकेचा आधारही सुटलेला असतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी असली की धोका आणखी वाढतो. ही इजा लवकर ओळखली, औषध थांबवले आणि पाणी भरून काढले, तर बहुधा भरून येते. वारंवार झाली तर तसे खात्रीने म्हणता येत नाही. क्रिएटिनिनच्या आकड्यावरही पूर्ण विसंबू नये, कारण बरीचशी कार्यक्षमता गेल्यानंतरच तो ठळकपणे वाढतो.

खारपाणपट्टा : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खाऱ्या भूजलाचा पट्टा. बुलढाण्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली अनेक गावे त्यात येतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. त्यामागे पाणीच आहे, की उष्णता, कीटकनाशके, मधुमेह यांचाही वाटा आहे, यावर एकमत नाही.

कारण पाण्यात असेल तर गोळीला दोष का द्यावा, हा आक्षेप रास्त वाटतो. पण मूळ कारण ठरण्याची वाट पाहण्याची गरज नाही. आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करणे वाईटच, मग पहिला ताण कशाचाही असो. विहिरीचे पाणी परिचारिकेला बदलता येत नाही. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारणे तिच्या हातात असते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे : मे महिन्यात कपाशीच्या रानाची मशागत करणाऱ्याला किंवा सोयाबीन निंदणाऱ्या बाईला दुखणे अंगावर काढून रोज बुडवणे परवडत नाही. म्हणून गोळी बंद करा एवढे सांगणे अपुरे आहे. आधी पाणी व मीठ भरून काढावे, पॅरासिटामॉलपासून सुरुवात करावी, एका सांध्यापुरते दुखत असेल तर मलम द्यावे, आणि गटातली गोळी लागलीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कमीत कमी दिवस. रुग्णाकडून पाकीट मागून घेऊन त्यामागची बारीक अक्षरे वाचावीत. आयब्युप्रोफेन ४०० व पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असलेली जोडगोळी चालू असताना वर डायक्लोफेनॅकची सुई घेतली, म्हणजे एकाच गटातली दोन औषधे झाली. रुग्णाच्या लेखी मात्र एक ‘अंगदुखीची गोळी’ असते आणि दुसरी ‘ताकदीची सुई’.

गिधाडे : मूत्रपिंडावरील अपायाचा सर्वांत स्पष्ट पुरावा पक्ष्यांतून आला. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. मेलेल्या पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर सापडे. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद केले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्याने २०१५ मध्ये इंजेक्शन एका मात्रेच्या ३ मिलिलिटर कुपीपुरते मर्यादित झाले. गिधाडांची ही संवेदनशीलता माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही.

पॅरासिटामॉल : मुख्यतः मेंदूत कार्य करते, सूज फारशी उतरवत नाही. निरोगी प्रौढाला दिवसात कमाल ४ ग्रॅम. अतिमात्रेत यकृताला इजा, उतारा ॲसिटिलसिस्टीन.

गर्भारपण : २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेनच्या गटातली वेदनाशामके टाळावीत. गर्भाचे मूत्रपिंड मंदावून गर्भजल कमी होऊ शकते. डॉक्टरांनी ठरवून दिलेली अल्पमात्रेतील ॲस्पिरिन याला अपवाद.