हृदयासाठी पदयात्रा : एका प्रथेची कुळकथा

हृदयरोगाच्या संशोधनासाठी निधी जमवण्याकरिता नागरिकांनी ठरावीक अंतर एकत्र चालण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आकाराला आली, आणि तिच्या मुळाशी लोकवर्गणी व वैद्यकीय मतपरिवर्तन असे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत.

१९२४ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन हार्ट असोसिएशन प्रारंभी केवळ डॉक्टरांची शास्त्रीय संस्था होती. १९४८ मध्ये तिने सर्वसामान्यांकडून निधी मागणाऱ्या लोकसंस्थेचे रूप घेतले, आणि त्याच वर्षी ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या नभोवाणी कार्यक्रमात एका अज्ञात व्यक्तीच्या पावलांचा आवाज ऐकवून ‘चालणारा माणूस’ ओळखण्याची स्पर्धा झाली. श्रोत्यांनी पत्रांसोबत पाठवलेल्या ऐच्छिक देणग्यांतून १५ लाखांहून अधिक डॉलर जमले. तो माणूस म्हणजे विनोदी कलावंत जॅक बेनी. देणगीदार त्या वेळी घरीच बसून होते. त्यांना रस्त्यावर आणणारी कल्पना दुसरीकडून आली.

१९५३ मध्ये प्वेर्तो रिकोमधील अभिनेते रामोन रिवेरो कर्करोगग्रस्तांसाठी सान हुआन ते पोन्से हे सुमारे ८० मैलांचे अंतर चालले आणि वाटेत लोकांनी देणग्या दिल्या. पुढे, चालणाऱ्याने आप्तेष्टांकडून प्रत्येक मैलामागे ठरावीक रकमेचे वचन आधीच घ्यावे, ही पद्धत रूढ झाली. १९६९ मध्ये नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथे भूकनिवारणासाठी आणि १९७० मध्ये ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने बालआरोग्यासाठी अशा पदयात्रा काढल्या.

तथापि हृदयरोग्याने चालावे, हेच मुळात धाडसी मत होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राहणे हाच तेव्हा सर्वमान्य उपचार होता. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हाइन व बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तोही वादग्रस्त ठरला. १९५३ मध्ये संशोधक जेरी मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, लंडनच्या दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना बैठे काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयधमनीविकार, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा आजार, कमी होतो; पायी व सायकलवर टपाल वाटणारे आणि कचेरीतले कारकून यांच्यातही त्यांना तोच फरक आढळला. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा हार्ट असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक असलेले पॉल डडली व्हाइट यांनी रुग्ण पुन्हा कामाला लागू शकतो हे देशाला पटवले, आणि चालण्याचा आग्रह त्यांनी हयातभर धरला. या मतपरिवर्तनाचे महत्त्व जमलेल्या रकमांहून मोठे मानावे लागते, कारण इतर आजारांसाठी चालणे हे निधीचे केवळ साधन असते, तर येथे ते संशोधनातून सिद्ध झालेले पथ्यही आहे.

पुढे असोसिएशनच्या ‘हार्ट वॉक’ या पदयात्रेत दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि हृदयविकारातून वाचलेले रुग्ण लाल टोप्या घालून त्यात स्वतः चालू लागले.